तीन नंबरची जागा

माझे भावोजी बस डेपोत शिट्टी वाजवायचे. कागदावर हुद्दा 'वाहतूक नियंत्रक' असा भारदस्त होता, पण काम शिट्टीचं. काचेच्या खोपटात बसायचं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि वेळ झाली की दारात येऊन शिट्टी मारायची. मग गाडी हलायची. चालकाचा चहा अर्धा राहिला असो, कोणी म्हातारी पायरीवर एक पाय ठेवून उभी असो, शिट्टी झाली म्हणजे झाली. डेपोत सगळे त्यांना शिट्टीच म्हणत. समोर 'साहेब', पाठ वळली की 'शिट्टी'. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं थोडं आवडतही होतं.

घरीही तेच. फक्त तोंडात शिट्टी नसायची, त्याऐवजी 'चला' हा शब्द असायचा. जेवायला बसायचं, दिवे मालवायचे, पाहुण्यांकडून उठायचं, सगळं त्यांच्या 'चला'वर. माझी ताई ते हसण्यावारी न्यायची. "अरे, मला शिंक आली तरी मी आधी यांच्या तोंडाकडे बघते," म्हणायची. भाचा मात्र हसायचा नाही. त्याचं घरातलं नाव बारक्या. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून पडलेलं. आता चाळिशीकडे झुकलाय, दार अडेल एवढे खांदे आहेत, शीतगृहांची मोठमोठी यंत्रं दुरुस्त करतो. नाव तेच राहिलं.

मी लिहिणारा माणूस नाही. सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात गेलं. पण या दोघांचं जे झालं ते मी समुद्राच्या कठड्यावर बसून जवळून पाहिलं, आणि ते दोघं काही ते कोणाला सांगणार नाहीत. म्हणून जमेल तसं सांगतो.

आधी ताईचं सांगायला हवं. ती आजारी पडली तेव्हा बारक्या दुसऱ्या शहरात होता, मोठ्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला. शेवटी परीक्षा होती आणि त्या परीक्षेवर पुढची नोकरी. मीही तेव्हा परगावी होतो. आम्ही दोघं रोज फोन करायचो आणि दोघांनाही रोज एकच उत्तर मिळायचं, "बरी आहे." ती बरी नव्हती. ती मुलाचं नाव घेत होती. हे मला नंतर दवाखान्यातल्या बाईने सांगितलं. भावोजींनी मनाशी हिशोब मांडला होता. परीक्षा शुक्रवारी आहे, डॉक्टर म्हणतात अजून अवकाश आहे, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सांगायचं, शनिवारी तो पोचेल. वेळापत्रक चोख होतं. ताई बुधवारी गेली.

बारक्या आला, सगळं झालं, माणसं पांगली. मी तिथेच होतो. तो वडिलांसमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "तुमची गाडी वेळेवर सुटली, बाबा."

एवढंच. त्यानंतर सहा वर्षं तो त्यांच्याशी एक अक्षर बोलला नाही. वेगळी खोली घेऊन राहिला. भावोजी दाराशी गेले की दार उघडायचं नाही. वर्कशॉपवर गेले की हा मागच्या बाजूने व्हॅन काढायचा. रस्त्यात गाठलं तर नुसता फूटपाथ बदलायचा. निवृत्त झाल्यावर मी याच शहरात येऊन राहिलो, तेव्हा भावोजींची अवस्था बघून मला वाईट वाटायचं. पण बारक्याचंही चुकतंय असं म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही.

एक दिवस भावोजी माझ्याकडे आले. बसलेसुद्धा नाहीत.

"मेहुणे, मी बोट वल्हवायला शिकतोय."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी गडबड झाली. "काय शिकताय?"

"बोट. समुद्रातली. तिकडे किनाऱ्यावर शेड आहे ना, तो क्लब. नवशिक्यांचा वर्ग सुरू होतोय. नाव घालून आलो."

मग उलगडा झाला. आई गेल्यावर बारक्या त्या क्लबात जायला लागला होता. रविवारी सकाळी वल्हवून झालं की कधीकधी ओल्या केसांनीच माझ्याकडे चहाला यायचा. मी यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं, पण भावोजींनी बसमधून जाताना शेडजवळ व्हॅन उभी पाहिली होती. आणि या हंगामात नवशिक्यांच्या बोटीत पुढची जागा बारक्याकडे आहे, हेही त्यांनी चौकशी करून काढलं होतं.

"अहो, पण भावोजी, या वयात? कशासाठी?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी साधी बेरीज चुकवली होती. "बोटीत बसला की त्याला उठून जाता येणार नाही," ते म्हणाले.

पोहायची चाचणी त्यांनी कशीबशी पार केली. अंगावर कपडे ठेवून पोहायचं होतं. बाहेर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. पहिल्या सकाळी मला बरोबर घेऊन गेले, पिशवी आणि टॉवेल सांभाळायला. मी किनाऱ्याच्या कठड्यावर बसलो. मग ती जागा माझी कायमचीच झाली.

क्लब म्हणजे पत्र्याची शेड. आत लांबलचक बोटी मांडणीवर पालथ्या ठेवलेल्या, ओल्या कपड्यांचा वास, आणि आवाज बसलेल्या एक कोचबाई. बाईंचा आवाज कायम बसलेलाच असायचा, तरी तो समुद्रावर ऐकू जायचा. त्यांनी नवशिक्यांकडे कसाई बकऱ्यांकडे बघतो तसं बघितलं आणि वजनावरून जागा वाटल्या.

"जड माणसं मधे. हलकी टोकाला. काका, तुम्ही तीन नंबर."

ही जागांची भानगड सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. बोटीत चौघं वल्हवणारे एकामागे एक बसतात. बोट जिकडे जाते तिकडे त्यांची पाठ असते, त्यामुळे कुठे चाललोय ते त्यांना दिसत नाही. सुकाणू धरून कोचबाई बसतात, त्यांना सगळं दिसतं. बाईंच्या समोर तोंड करून बसतो तो चार नंबर. ताल त्याचा. त्याच्या पाठीशी तीन नंबर, मग दोन, मग एक. बाकी तिघांनी समोरच्याची पाठ बघायची आणि ती हलली की हलायचं. दुसरं काही करायचं नाही.

चार नंबर बारक्या होता.

त्याने वडिलांना पाहिलं तेव्हा तो बोट उचलायला वाकलेला होता. तसाच क्षणभर राहिला. मग कोचबाईंना म्हणाला, "मागे कोण बसतंय याच्याशी मला कर्तव्य नाही," आणि बोट उचलली. दोन नंबरला एक बेकरीवाला होता, गोल आणि हसरा, आणि टोकाला दवाखान्यातली एक नर्स. बेकरीवाल्याला या घराण्याची काहीच कल्पना नव्हती. तो भावोजींना म्हणाला, "काका, तुमच्या पाठीवर माझा भरवसा. मला बुडवू नका."

बोट पाण्यात नेली. गुडघाभर पाण्यात तिचं नाक लाटांसमोर धरून एकेकाने चढायचं. भावोजींचा पाय बोटीत पक्क्या बसवलेल्या बुटाच्या पट्ट्यात अडकला, ते आडवे झाले, एका हाताने त्यांनी आधार शोधला आणि तो हात पडला बारक्याच्या खांद्यावर. बारक्या हललाही नाही. खांब असावा तसा बसून राहिला.

आता या बोटीत बसायची पाटी चाकांवर सरकते. दोन हातांतली दोन वल्ही ओढताना पाय ताणायचे आणि मागे रेलायचं. मग पुढे सरकायचं, गुडघे मुडपून, दोन्ही मुठी पुढे ढकलत. पुढचा अजून रेललेला असताना मागच्याने घाईने पुढे सरकलं, तर त्याच्या वल्ह्यांच्या मुठी थेट पुढच्याच्या पाठीत बसतात. भावोजी पहिल्या फेरीतच सरकले. दोन्ही मुठी बारक्याच्या पाठीत, कण्याच्या दोन्ही बाजूंना.

"लागलं का रे?" सहा वर्षांनी त्यांनी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"बोटीत बोलायचं नाही!" कोचबाई ओरडल्या. "बोटीत फक्त मी बोलणार. तीन नंबर, घाई करू नका!"

मला कठड्यावरून शब्द ऐकू आले नाहीत. हे नंतर बेकरीवाल्याने हसत हसत सांगितलं. मला फक्त एवढं दिसलं की बोट हेलकावली आणि बारक्याची पाठ ताठ झाली. परत येताना भावोजी बसस्टॉपवर म्हणाले, "बोलू देत नाहीत." सगळा बेतच मुळात ढासळला होता. पण ते सोडणाऱ्यातले नव्हते.

पुढचे रविवार असेच गेले. तळहात सोलवटले, त्यावर चिकटपट्ट्या आल्या. अंगठ्याची नखं काळी पडली, कारण दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात आणि नवशिक्याच्या हमखास आपटतात. ते त्यांनी सोसलं. ताकदही होती. फक्त ते थांबत नसत. बारक्याची पाठ सरकायच्या आत ते सरकायचे आणि 'ठप्प'. बेकरीवाला म्हणायचा, "काका, चुलत्याचं शेत नांगरताय का?" डेपोत ते शिट्टी होते, शेडमध्ये आता त्यांना 'ठप्पेकाका' म्हणायला लागले. हे नाव त्यांना आवडलं नाही.

घरी त्यांनी एका फळीला जुन्या खुर्चीची चाकं ठोकली. हातात दोन झाडूंचे लांब दांडे. मला म्हणाले, "मेहुणे, तुम्ही पुढे बसा. तुम्ही बारक्या."

मी पाटावर बसलो, त्यांच्याकडे पाठ करून. पुढे-मागे डोललो. माझं अंग कधी कोणत्या खेळाला लागलेलं नाही, त्यात मागून दांडे येणार या भीतीने मी अर्धा आकसलेलो. आणि यायचेच दांडे. बरगडीत.

"अहो, माझं व्हायच्या आधी तुम्ही निघता," मी म्हणालो.

"तुम्ही निघणार आहात हे मला दिसतं ना. मग थांबायचं कशाला?"

"कारण तो निघाल्यावर निघायचं असतं."

"पण तो उशीर करतो, मेहुणे. अर्धा श्वास उशीर करतो तो प्रत्येक वेळी. मी बघतो ना. शेजारची बोट पुढे जाते, लाट येते, किनारा बघावा तर आपण तिथल्या तिथे. कोणीतरी वेळ सांभाळायला नको?"

मी हात टेकले. त्या वेळी मला वाटलं होतं, हे असंच चालणार.

मग एका संध्याकाळी बारक्या माझ्याकडे आला. त्याने शर्ट वर केला आणि पाठ दाखवली. कण्याच्या दोन्ही बाजूंना हिरवेनिळे डाग, एकावर एक.

"मामा, तू सांग त्यांना. सोडा म्हणावं."

"तूच सांग की."

"मी बोलत नाही त्यांच्याशी."

"मग जागा बदलून घे. कोचबाईंना सांग."

"मी का बदलू?" तो उसळला. "मी घर सोडलं, फूटपाथ सोडला, वर्कशॉपच्या मागच्या दारातून जातो चोरासारखा. आता पाण्यावरूनही मीच उठू? आई गेल्यावर ती एकच जागा होती, मामा. तिथे कोणी काही विचारत नाही. बोलावं लागत नाही. नुसतं ओढायचं. तिथेही पाठीत ढोसायला आले."

मी चहा ठेवला. माझ्याकडे अशा वेळी दुसरं काही नसतं. तो खिडकीशी उभा राहिला. वेगळ्याच आवाजात म्हणाला, "एक सांगू? हल्ली मला वाटायला लागलंय, त्यांना ते जमतच नाही. कोचबाई इतक्या ओरडतात, सगळे हसतात, हाताची सालटं निघालीत, माणूस जीव तोडून प्रयत्न करतोय ते मला मागून कळतं, श्वास ऐकू येतो. तरी थांबता येत नाही. तुझ्या दुकानात यायची बघ माणसं, ज्यांना लाल-हिरवं कळतच नाही. तसं काहीतरी. दुसऱ्याच्या वेळेने चालायचा अवयवच नाही त्यांच्यात." त्याने कप उचलला. "तसं असलं तर मग रागावून तरी काय करायचं, नाही का?"

इतक्या वर्षांत एवढं मऊ तो कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी हे भावोजींच्या कानावर घातलं. मला वाटलं, म्हातारा सुखावेल. बोटीचा नाद सोडला तरी चालेल, मुलाच्या मनातली अढी सैल होतेय हे कळेल. मी म्हणालो, "तो म्हणतो, तुमचा स्वभावच तसा आहे, तुम्हाला जमत नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार."

त्यांचे डोळे चमकले. "माझ्याबद्दल बोलला तो?"

"बोलला ना."

"जमत नाही म्हणाला?"

"हो, म्हणजे तसं चांगल्या अर्थाने..."

"जमत नाही काय," ते उठलेच. "जमवून दाखवतो त्याला."

हंगामाच्या शेवटी नवशिक्यांच्या बोटींची शर्यत असते. समुद्रातल्या नारिंगी पिंपाला वळसा घालून परत किनाऱ्याला. त्याआधी कोचबाईंनी भावोजींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "काका, शर्यतीत एकदा जरी मूठ लागली ना, तर पुढच्या हंगामात मी तुम्हाला या बोटीत ठेवणार नाही. मुलाची पाठ आहे, भिंत नाही." मुलाची, म्हणजे त्यांना एव्हाना कळलं होतं.

शर्यतीच्या सकाळी वारा आडवा होता आणि लाटा तुकड्यातुकड्यांनी येत होत्या. भावोजींच्या चष्म्याला मी मागून बांधायची पट्टी करून दिली होती. वाळूत उभं राहून ती ओढून बसवताना चष्म्याच्या दांडीचा स्क्रू निसटला आणि दांडी हातात आली. मी खाली बसून वाळू चाळायला लागलो. जन्मभर मी तसले स्क्रू हाताळले, पण समुद्राच्या वाळूत तो काय सापडणार?

"दोऱ्याने बांधतो, थांबा," मी म्हणालो.

तेवढ्यात कोचबाईंनी हाक मारली. ते चष्मा माझ्या हातात देऊन तसेच गेले. त्यांना लांबचं अजिबात दिसत नाही. चष्म्याशिवाय हातभर अंतरापलीकडे त्यांना सगळं धुकं.

मी कठड्यावर चढून बसलो, हातात मोडका चष्मा. बोटी सुटल्या. मी नेहमीप्रमाणे त्या 'ठप्प'ची वाट बघत होतो. चार नंबरची पाठ ताठ होईल, बोट हेलकावेल. झालं नाही. पहिल्यांदा वाटलं, मलाच लांबून कळत नाहीये. मग लाटेवर बोट वर आली आणि मी चौघांना नीट पाहिलं. चार पाठी एकदम मागे रेलत होत्या, एकदम पुढे जात होत्या. बारक्या जरा रेंगाळला की तीन नंबरही रेंगाळत होता. आडवी लाट आली तेव्हा बारक्याने वल्ही वरच धरून ठेवली, क्षणभर, आणि भावोजींचीही तशीच वर राहिली, टपटप पाणी गळत. मला खेळातलं काही कळत नाही. पण त्या क्षणी ताई हवी होती, असं वाटलं.

त्यांची बोट दुसरी आली. बेकरीवाल्याने पाण्यातच आरोळी ठोकली आणि नर्सला मिठी मारायच्या नादात दोघंही पडले. कोचबाई बोटीतून उतरत म्हणाल्या, "ठप्पेकाका, आज तुम्ही बोटीत होतात का? मला तर पत्ताच लागला नाही!" भावोजी लहान मुलासारखे हसत होते. दात वाजत होते थंडीने, तरी हसत होते.

समुद्रातून आलेली बोट गोड्या पाण्याने धुवावी लागते, नाहीतर मीठ चाकं खातं. बाकीची मंडळी आंघोळीला गेली. शेडच्या मागे बारक्या फडक्याने बोट पुसत होता आणि भावोजींनी न विचारता नळाची रबरी नळी हातात घेतली होती. मी दोऱ्याने बांधलेला चष्मा द्यायला तिथे गेलो, आणि मग मला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना.

"बारक्या," भावोजी म्हणाले. "एकदा तरी लागलं का?"

बारक्या पुसत राहिला. मग म्हणाला, "नाही."

तो बोलला.

"बघ! जमलं की नाही?"

"जमलं." त्याने फडकं पिळलं. "कसं जमलं?"

भावोजींना काय बोलू आणि काय नको असं झालं. "अरे, काहीच नाही! चष्मा नव्हता. शेजारची बोट दिसेना, किनारा दिसेना, काहीच दिसेना, नुसती तुझी पाठ. म्हटलं, जाऊ दे, तू बघशील. तू हललास की मी हलायचं. सोपं आहे रे. उगाच मी इतके दिवस डोकं चालवत होतो."

"सोपं आहे."

"अगदी सोपं!"

"मग तेव्हा का नाही केलंत?"

"कधी?"

"तेव्हा."

नळीतून पाणी वाहत होतं. ते बोटीवर न पडता भावोजींच्या पायांवर पडत होतं.

"तुझी परीक्षा होती," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले होते की अजून..."

"कधी निघायचं ते मला ठरवू द्यायचं होतं, बाबा. मी परीक्षा सोडली असती, नसती सोडली, माझं मी बघितलं असतं. फोनवर एक वाक्य." तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी मनाची समजूत घातली होती. यांना येतच नाही, यांच्या अंगातच नाही. मामाला विचारा. सहा वर्षं लागली मला तिथवर यायला. पुढच्या रविवारी कदाचित मीच तुम्हाला चहा विचारला असता, कोण जाणे. आणि तुम्ही आज हसत हसत सांगताय, सोपं आहे."

भावोजी माझ्याकडे वळले. चष्मा नसल्यामुळे त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, त्यांनी नुसत्या माझ्या आकाराकडे पाहिलं.

बारक्याने फडकं दोरीवर वाळत घातलं, कोपरे सरळ केले. जाताना वडिलांच्या समोर थांबला.

"छान वल्हवलंत," म्हणाला, आणि गेला. व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला.

नळ मी बंद केला. भावोजींनी हात पुढे केला. मी चष्मा दिला, त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. दोऱ्याची गाठ त्यांच्या कानाला टोचत असणार, पण त्यांनी ती हलवली नाही.

पुढच्या हंगामात बारक्या आला नाही. खाडीच्या पलीकडे दुसरा एक क्लब आहे, तिकडे जातो म्हणे. माझ्याकडे चहाला येतो अजून, पण ओल्या केसांनी नाही, आणि वडिलांचा विषय निघत नाही. मी एकदा काढायला गेलो, तर म्हणाला, "मामा, तुझ्याकडे तरी येऊ दे ना मला."

कोचबाईंनी भावोजींना चार नंबरला बसायला सांगितलं. "काका, आता तुमच्याएवढा ताल इथे कोणाकडे नाही." ते नाही म्हणाले. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, "मला पुढे कोणीतरी लागतं." आता चार नंबरला बेकरीवाला आहे. त्याचा ताल अगदीच डळमळीत, कधी घाई, कधी आळस, आणि भावोजी त्याच्या मागे तसेच घाई करतात, तसेच आळसतात. त्याच्या पाठीला अजून एकदाही मूठ लागलेली नाही. शेडमध्ये त्यांना कोणी ठप्पेकाका म्हणत नाही आता. दुसरं नावही पडलं नाही.

चष्म्याला मी नवा स्क्रू बसवून दिलाय, पट्टीही चांगली मजबूत शिवलीय. ते ती वापरत नाहीत. पाण्यात उतरताना चष्मा माझ्या हातात देतात. परत आल्यावर पहिल्यांदा तो मागून घेतात, टॉवेलच्या कोपऱ्याने पुसतात, डोळ्यांवर चढवतात आणि रस्त्याकडे बघतात, जिथे व्हॅन उभी असायची तिथे. मग कठड्यावर माझ्या शेजारी येऊन बसतात.

पूर्वी दोन मिनिटं झाली की ते 'चला' म्हणायचे. आता म्हणत नाहीत. मी उठेपर्यंत बसून राहतात.